हिची लंकेची सहल

आखन, जर्मनी, ६ नोव्हेंबर १९६६

आजपासून रोजनिशी. वही सुधीरने आणून दिली. म्हणाला, नाना, दिवसभर चिडचिड करता, ती लिहून काढत जा. मी चिडचिड करत नाही, काळजी करतो. दोन्हींत फरक आहे. तो डॉक्टरेट करणाऱ्या मुलाला कळायचा नाही.

संकल्प करतो. पहाटे उठणे. दुपारी चौकापर्यंत फिरून येणे. रोज पाच जर्मन शब्द पाठ करणे. सुनेच्या स्वयंपाकाबद्दल न बोलणे. ओफनजवळच्या, म्हणजे इथल्या कोळशाच्या शेगडीजवळच्या, खुर्चीकडे न बघणे.

शेवटचा सर्वांत महत्त्वाचा.

८ नोव्हेंबर

पहाटे उठलो नाही. इथे आठ वाजेपर्यंत अंधारच असतो, म्हणजे आठपर्यंत पहाटच. संकल्प मोडला असं म्हणता येत नाही.

फिरायला गेलो नाही. पाऊस.

दुपारी सुधीर इन्स्टिट्यूटमध्ये, सून मालिनी तिच्या लायब्ररीतल्या अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर. मी एकटा. ओफनजवळच्या खुर्चीत कोणी नव्हतं. मुद्दाम लिहून ठेवतो. पुन्हा पुन्हा बघून खात्री केली. पहिल्या दोन वेळा तर नक्कीच नव्हतं.

९ नोव्हेंबर

चीज बाधलं असणार.

काल तिसऱ्या वेळी बघितलं तेव्हा खुर्चीत ही बसली होती. ही म्हणजे सुधीरची आई. नेहमीचं सुती लुगडं, मांडीवर कापूस, वाती वळत होती. जूनमध्ये वारली, सांगलीत. मी सप्टेंबरमध्ये विमानाने इकडे आलो. तिला तिकीट नव्हतं, पासपोर्ट नव्हता. कशी येईल? चीजच.

१२ नोव्हेंबर

चीज बंद केलं. मालिनीने विचारलं, मामंजी, चीज का नको? म्हटलं, वास येतो. ती म्हणाली, काल-परवापर्यंत तर चीजचा नुसता फडशा पाडत होतात.

चीज नाही, तरी ही आहे. बोलत नाही. वाती वळते. मान वर करून एकदा बघितलं. मंडईतून जून गवारी घेऊन आलो की बघायची तसं.

जर्मन शब्द: जा, म्हणजे होय. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. दोन झाले. पण हे दोन असले की बाकीच्यांची फारशी गरज पडत नाही असं माझं निरीक्षण आहे.

१५ नोव्हेंबर

कावळ्याचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

हिच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर डझनभर बसले होते. एकही खाली उतरेना. गुरुजींना पुढे दुसरं काम होतं, ते घड्याळ बघायला लागले. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी हिला शब्द द्यायला सुरुवात केली. सुधीर म्हणाला, आई, नानांना मी सांभाळीन. कावळा ढिम्म. माझी मेहुणी लतिका म्हणाली, अक्का, तुझी तुळस मी नेईन. ढिम्म. मालिनी म्हणाली, तुमच्या हातच्या मेतकुटाची पद्धत मी विसरणार नाही. एकाने मान वळवली, पण तेवढंच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऊन फार होतं. मी म्हटलं, बरं, तुला रामेश्वर दाखवीन. आरामात. एक अख्खा दिवस. देवळं, समुद्र, सगळं.

वाक्य पूर्ण व्हायच्या आत कावळा पिंडावर. इतकी घाई करायचं त्याला काही कारण नव्हतं.

१६ नोव्हेंबर

कालचं लिहिल्याने डोक्यातून गेलं नाही.

रामेश्वराला मी तिला नेणारच होतो. लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं. पण त्या वर्षी हळदीचा भाव पडला. मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी; मालकांना अशा वेळी सोडून कसं जाणार? पुढच्या वर्षी भाव चढला. तेव्हा तर मुळीच जाता येईना. मग सुधीरचा जन्म, मग लढाई, मग रेल्वेत गर्दी, मग सुधीरची मॅट्रिक, मग मालक वारले, मग माझे गुडघे. एका वर्षी सगळं जमलं होतं. वळकटी बांधून झाली होती. त्या वर्षी मला वाटलं, आता इतकी वर्षं थांबलो आहोत तर अधिक महिन्यात जाऊ.

यात माझा दोष कुठे आहे तो कोणी दाखवावा.

२० नोव्हेंबर

आज खंबीरपणे वागलो. खुर्चीसमोर उभा राहून सांगितलं, हे बघ, इथून रामेश्वर फार लांब आहे. परत गेल्यावर बघू. आता तू जा.

तिने कापूस खाली ठेवला. पदर सारखा केला. आणि पुन्हा कापूस उचलला. चाळीस वर्षं मी काही ठरवून सांगितलं की हेच करायची.

संध्याकाळी सुधीरला सांगावं लागलं. तो म्हणाला, नाना, हा ओफनचा धूर आहे, कार्बन मोनॉक्साइड. त्याचा विषयच उष्णता हा आहे. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यानंतर मला सर्दी आणि ही तिथेच.

२७ नोव्हेंबर

दत्तात्रय जेवायला आला होता. कऱ्हाडचा, सुधीरच्याच इन्स्टिट्यूटमध्ये कापडाच्या रंगांवर संशोधन करतो. आखनमधल्या सगळ्या मराठी मुलांत याचीच मुंज व्यवस्थित झालेली आणि याला संध्या येते, म्हणून धर्माच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानतात. जेवणानंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं. माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांचा प्रश्न आहे असं सांगितलं.

दत्तात्रय म्हणाला, काका, तुमच्या त्या गृहस्थांना स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधी पाठवता येतो. शास्त्रात सोय आहे. दुसऱ्यासाठी तीर्थाला जाणाऱ्याला सोळावा हिस्सा पुण्य मिळतं, बाकीचं ज्याच्यासाठी गेला त्याचं. मग तो म्हणाला, काकूंना यातलं किती मिळेल ते मात्र बघायला लागेल.

ओळखीच्या गृहस्थांचं म्हटलं होतं. काकू कुठून आल्या? हुशार मुलांशी बोलण्यात अर्थ नाही.

पण प्रतिनिधी ही कल्पना चांगली आहे. माझीच होती. त्याने फक्त बोलून दाखवली.

२ डिसेंबर

देवाची कृपा. आमच्या घरमालकीण फ्राऊ होल्त्सर फेब्रुवारीत सिलोनला निघाल्या आहेत. त्यांच्यासारख्याच चार विधवा बायका, एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर, विमानाने. मालिनी सांगत होती, फेब्रुवारीत इथे कार्निव्हाल असतो, लोक सोंगं घेऊन रस्त्यात नाचतात, ते फ्राऊंना सोसत नाही. या वर्षी त्या नारळाच्या झाडाखाली बसणार आहेत.

सिलोन म्हणजे लंका. म्हणजे रामेश्वरच, थोडं पुढे.

३ डिसेंबर

सुधीरचा नकाशा बघितला. रामेश्वर आणि लंका यांच्यामध्ये माझं करंगळीचं नख बसतं. सुधीर म्हणाला, नाना, मध्ये समुद्र आहे. म्हटलं, तुम्हा लोकांना सगळीकडे अडचणीच दिसतात.

तरी शंका राहिली. तिला रामेश्वर सांगून रावणाच्या गावी पाठवायचं म्हणजे उद्या माझ्यावर उलटायची. खुर्चीकडे बघितलं. तिला कळलेलं दिसत होतं.

७ डिसेंबर

दत्तात्रयाला लायब्ररीत एक जाड पुस्तक सापडलं. लंकेत चिलाव नावाचं गाव आहे, तिथे मुन्नेश्वर म्हणून महादेवाचं देऊळ. रावणाला मारून परत निघताना प्रभू रामचंद्र तिथे थांबले आणि त्यांनी पूजा केली अशी कथा. म्हणजे देव तोच, भक्त तोच, फक्त स्टेशन अलीकडचं. आणि फ्राऊंचं हॉटेल तिथून मोटारीच्या टप्प्यात, समुद्राला लागून.

मी दत्तात्रयाला म्हटलं, सोळावा हिस्सा त्या जर्मन बाईंना जाईल. जाऊ दे. आपण हिशेबी नाही.

११ डिसेंबर

मालिनीला घेऊन फ्राऊंकडे गेलो. सांगणं असं: हिचा कुंकवाचा करंडा मी बरोबर आणला आहे. तो फ्राऊंनी न्यावा, देवळात टेकवावा, समुद्राच्या पाण्याला लावावा, आणि एक दिवस त्याच्याबरोबर निवांत हिंडावं. मी मध्ये मध्ये जा, गेनाऊ म्हणत होतो, त्यामुळे संभाषण चांगलं झालं.

फ्राऊंनी करंडा हातात घेतला. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. कॉफी ओतली, आणि म्हणाल्या की नेते. मग मालिनीशी बराच वेळ काही बोलल्या. वर आल्यावर मालिनी म्हणाली, त्यांचे यजमान लढाईत रशियात गेले, थडगंसुद्धा नाही. तेव्हापासून ते इथे जिन्याच्या वळणावर उभे असतात. ओव्हरकोट घालून. त्रास काही नाही. जाता-येता जरा बाजूने जायचं, एवढंच.

आता लक्षात आलं. फ्राऊ जिन्याच्या वळणावर नेहमी अंग चोरून जातात. मला वाटायचं, कंबर दुखत असेल. आणि मी आलो तेव्हापासून रोज त्या वळणावर मधोमध टेकून दम खातो.

१२ डिसेंबर

फिरायला जाण्याचा संकल्प तूर्त स्थगित. जिना उतरावा लागतो.

१८ डिसेंबर

फ्राऊंसाठी दिवसाचा कार्यक्रम लिहायला घेतला. मालिनी त्याचं जर्मन करणार आहे.

सकाळी लवकर उठवू नये. ती आपण होऊन उठते, पण त्या दिवशी उठवू नये. तिच्याआधी चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. आलं घालून. हॉटेलात आलं नसेल तर बाजारातून आणावं. मग देऊळ. रांगेत फार उभं करू नये, गुडघे दुखतात, पण ती सांगणार नाही. सांगत नाही याचा अर्थ दुखत नाही असा घेऊ नये. प्रदक्षिणा एकच. ती अकरा घालते म्हणेल. पुजाऱ्याशी वाद घालू देऊ नये. दुपारी सावलीत झोपू द्यावं. भांडी दिसतील अशा जागी बसवू नये, घासायला उठते. संध्याकाळी समुद्र. तिने समुद्र बघितलेला नाही. लग्नात हर्णैला जाऊ म्हटलं होतं ते राहिलं. एकदम पाण्यात नेऊ नये, आधी लांबून दाखवावा. शहाळं घेऊन द्यावं. आतली मलई तिला फार आवडते. ती नेहमी मला देते, तेव्हा देऊन टाकू नकोस असं सांगावं. घाई करू नये. कुठेही घाई करू नये.

मालिनीने वाचलं. मग म्हणाली, "मामंजी, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

म्हटलं, होतं तर. एका घरात राहत होतो.

ती स्वयंपाकघरात गेली. कांदा चिरत होती असं म्हणाली. भाजीत कांदा नव्हता.

१ जानेवारी १९६७

नवे संकल्प: जुनेच. शिवाय हिच्याशी न बोलणे, म्हणजे जायच्या वेळी तिला जड जाणार नाही.

काल मध्यरात्री लोकांनी फटाके उडवले म्हणे. मी झोपलो होतो. कोणी माझ्या कानांवर पांघरूण ओढलं ते कळलं नाही. मालिनी म्हणते तिने नाही.

२२ जानेवारी

ती गेली की काय काय करायचं ते ठरवतो आहे. मोकळं होईल. दुपारी आडवा होऊन मोठ्याने वर्तमानपत्र वाचीन. तपकीर पुन्हा सुरू करीन. ती बघत असल्यामुळे डबी उशीखालीच आहे. खुर्चीत मी बसीन. ओफनजवळ एकच खुर्ची, आणि गेले तीन महिने मी खिडकीशी गारठतो आहे हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

सुधीर येऊन बसतो त्या खुर्चीत, बिनदिक्कत. तेव्हा ही उठून ओफनच्या पुढे उभी राहते. मुलाला चटका बसू नये म्हणून मध्ये.

३ फेब्रुवारी

आज फ्राऊ गेल्या.

सकाळी खुर्चीत बघितलं तर सुती लुगडं नाही. इरकली. जांभळी, प्रवासाला ठेवलेली. वळकटीच्या वेळी बांधली होती, मग सोडली होती, तीच. कापूस नव्हता. हात मांडीवर ठेवून बसली होती.

करंडा रुमालात बांधून खाली नेला. मालिनीने कार्यक्रमाचे कागद दिले. फ्राऊंनी दोन्ही पर्समध्ये ठेवले. वळणावर फ्राऊ बाजूने गेल्या, मीही गेलो. ओव्हरकोटवाल्यांना नमस्कार केला. माणूस उगाच का दुखवावा.

खाली मोटार उभी होती. फ्राऊंनी घराचं दार उघडलं, त्या बाहेर पडल्या, आणि दार हातात धरून थोडा वेळ थांबल्या. एका माणसाला बाहेर पडायला लागतो त्याच्या दुप्पट.

हात हलवला नाही. शेजारचे बघतात.

दुपारी. खुर्ची रिकामी.

योजना शंभर टक्के यशस्वी. दत्तात्रयाला सांगितलं पाहिजे.

४ फेब्रुवारी

खुर्चीत बसलो. फार गरम होतं. पुन्हा खिडकीशी.

तपकीर ओढली. शिंका आल्या. नंतर मजा नाही.

६ फेब्रुवारी

फिरून आलो. खाली सगळीकडे कार्निव्हाल. तोंडाला काळं फासलेले, चेटकिणी, एक सांगाडाही होता. मला आता असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. मी धोतर, वरून सुधीरचा ओव्हरकोट, काळी टोपी. माणसं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. एक चेटकीण जवळ येऊन काहीतरी म्हणाली. जा, गेनाऊ म्हटलं. तिने माझ्या खिशात मूठभर गोळ्या टाकल्या. या गावात आता मला लोक ओळखायला लागले आहेत.

सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, नाना, त्यांना वाटलं तुम्हीही सोंग घेतलं आहे.

गोळ्या लिंबाच्या होत्या. एक खुर्चीच्या हातावर ठेवली. उगाच. नंतर मीच खाल्ली.

८ फेब्रुवारी

मालिनीचा चहा पातळ असतो. बोललो नाही. हिच्यासमोर बोललो असतो, म्हणजे ती बघेल आणि मी गप्प बसेन. आता बघणारं कोणी नाही, तर बोलण्यातही राम नाही.

खुर्ची कोपऱ्यात सरकवली. जेवणाच्या वेळी सुधीर म्हणाला, ही इथे का? परत आणून ठेवली.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज तो दिवस. फ्राऊंनी कार्यक्रमासाठी हाच ठरवला होता. नकाशा समोर घेऊन बसलो. सोबत म्हणून वेळ लिहीत जातो.

सकाळी ८. अजून उठवलेलं नसणार. छान.

९. चहा झाला असेल. आलं मिळालं असेल ना? आलं ही लिहायची गोष्ट नव्हती, बरोबर द्यायला हवं होतं. चुकलं. पण मला कोणी आठवण केली नाही.

१०. मुन्नेश्वर. प्रदक्षिणा. मीही खोलीत एक घातली. टेबल मध्ये येतं.

१०.३०. पुजाऱ्याशी वाद सुरू झाला असेल. दक्षिणा फार मागत असणार तो. तिकडचेही तसेच. गप्प बस म्हणावं तर मी इथे.

दुपारी १. सावली. झोपली असेल. मीही आवाज न करता बसलो. मालिनीने भांडं आपटलं तेव्हा तिला हळू म्हटलं. ती चमकून बघायला लागली.

४. समुद्र. आधी लांबून.

४.१५. आता जवळून.

४.४०. पाय ओले झाले असतील. लुगड्याचा काठ भिजेल. भिजू दे. आज भिजू दे म्हणावं.

६. सूर्यास्त. इथे बर्फ पडतो आहे. सुधीर घरी आला. मी काय करतो आहे ते त्याला सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं आणि ओठ चावले. मग म्हणाला, नाना, लंका आपल्या साडेचार तास पुढे आहे. तुम्ही सकाळी चहाची काळजी करत होतात तेव्हा त्यांचं जेवण झालं होतं. समुद्र बघून त्या केव्हाच परतल्या.

म्हणजे मी एकटाच दिवसभर हिंडत होतो.

१८ फेब्रुवारी

फ्राऊ आल्या. मालिनी म्हणाली, वांग्यासारख्या भाजून आल्या आहेत आणि पाच वर्षांनी लहान दिसतात. मी सकाळपासून जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. नुसता. दम खात.

फ्राऊंनी दार उघडलं, पिशव्या आत घेतल्या, आणि दार लगेच लावून घेतलं.

लगेच.

आम्ही ओफनमध्ये दोन विटा कोळसा जास्त टाकला होता. लंकेहून आलेल्या माणसाला इथली थंडी बाधते. खुर्चीवर रजई. कोणी आलं नाही. प्रवासाने दमली असेल. उद्या.

१९ फेब्रुवारी

उद्या.

२२ फेब्रुवारी

दत्तात्रय आला होता. म्हणाला, काका, काम फत्ते झालं की नाही? मुक्ती मिळाली. म्हटलं, कोणाला? तो म्हणाला, काकूंना. म्हटलं, हो हो. आनंदाची गोष्ट आहे.

आनंदाची गोष्ट आहे हे तीनदा लिहून ठेवावंसं वाटतं. एकदा लिहिलं. पुरे.

२६ फेब्रुवारी

फ्राऊंकडे फोटो बघायला सगळ्यांना बोलावलं होतं. इकडे ही पद्धत आहे. अंधार करतात, भिंतीवर पांढरी चादर लावतात, आणि एका यंत्रातून एकेक चित्र त्यावर पाडतात. त्यांच्या बरोबरच्या विधवा बायका, आम्ही तिघं, दत्तात्रय. केक होता. ओव्हरकोटवाल्यांसाठी दार जरासं उघडं ठेवलं होतं.

पहिली दहा-पंधरा चित्रं हत्तींची. मग नारळी. मग फ्राऊ टोपी घालून. सगळ्या बायका हसत होत्या.

मग देऊळ आलं. गोपुराखाली फ्राऊ अनवाणी उभ्या. बाजूला, खांबाच्या कडेला, एक बाई पाठमोरी. जांभळं लुगडं. अंबाड्यात फूल.

हिने अंबाड्यात फूल घातलेलं मी लग्नानंतर बघितलं नव्हतं. लुगडी जांभळी असतात. जगात पुष्कळ असतात.

पुढचं चित्र, समुद्र. एका मोठ्या छत्रीखाली दोघी वाळूत बसलेल्या. फ्राऊ कॅमेऱ्याकडे बघताहेत. दुसरी समुद्राकडे. पाय पसरून. पाय पाण्यात. हातात शहाळं, आणि मलई स्वतः खाते आहे. चेहरा अर्धाच दिसतो, पण हसते आहे. दात दिसताहेत. मोठ्याने हसणं.

एका बाईंनी विचारलं, ही कोण? फ्राऊ म्हणाल्या, तिथलीच एक आजी. दिवसभर बरोबर होती.

यंत्र चित्र बदलायला खट्ट करणार तेवढ्यात सुधीर म्हणाला, "थांबा. जरा राहू दे."

त्याने हे मराठीत म्हटलं, आणि तरी फ्राऊंनी हात मागे घेतला. चित्र तिथेच राहिलं. खोलीत कोणी केक खात नव्हतं. मग फ्राऊ हळूच म्हणाल्या, फार वेळ ठेवलं तर दिव्याने जळेल. सुधीरला उष्णतेचं सगळं कळतं. तरी तो नाही म्हणाला. शेवटी मालिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच्यानंतरच्या चित्रांत हत्तीच होते.

२७ फेब्रुवारी

सकाळी मालिनीला घेऊन पुन्हा खाली गेलो. फ्राऊंना आणखी काही सांगायचं असेल तर ऐकावं म्हणून. मला विचारायचं काही नव्हतं.

फ्राऊंनी सांगितलं. ती देवळाच्या दारात भेटली. चपला काढा म्हणून तिने खुणेने दाखवलं. एकच प्रदक्षिणा घातली, हळूहळू. समुद्रावर आधी लांब उभी राहिली, मग आपण होऊन पाण्यात गेली. दोघी दुपारभर बसल्या. आपापल्या भाषेत बोलल्या. फ्राऊ म्हणाल्या, इतका निवांत दिवस माझ्या आयुष्यात गेला नव्हता, आणि मला वाटतं तिच्याही. निघताना तिने हात पुढे केला. इतक्या सहज केला की फ्राऊंनी करंडा तिच्या हातावर ठेवून दिला. ती तो घेऊन किनाऱ्याने चालत गेली. गुडघे? नाही, लंगडत नव्हती.

मग मी मालिनीला म्हटलं, विचार त्यांना, ती माझ्याबद्दल काही बोलली का?

मालिनी माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, विचार, सहज विचारतो आहे. तिने विचारलं.

फ्राऊ घाईने बोलणाऱ्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, सबंध दिवस पुन्हा एकदा मनात फिरून आल्या. मला दिसत होतं. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाइन," त्या म्हणाल्या.

हा शब्द मला पाठ करावा लागला नाही.

वर आलो. भाषेची अडचण असणार. हिला जर्मन येत नाही.